चार कोड्या गऱ्या

मी माळ्याच्या घरचा. आमच्या घरात मासळी शिजत नाही, अंडंसुद्धा कधी चुलीवर चढलं नाही. तरी तीस वर्षं मी मासळी मोजली. रोज सकाळी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टिनाच्या शेडमध्ये, काट्यासमोर बसून. यात माझी काही हुशारी नव्हती. दहावी पास होतो, अक्षर बरं होतं, आणि तलावावरच्या मासेमारांच्या संस्थेला मासळी न खाणारा मोजणीदार हवा होता. खाणारा माणूस काट्यावर बसला की एखादी मरळ वजनातून सुटते आणि त्याच्या घरी जाते, असा त्यांचा अनुभव. मला तर वासानंच मळमळायचं. पहिले दोन महिने नाकाला रुमाल बांधून बसायचो आणि मासळी विकायला येणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

वाशीम जिल्ह्यात कसली आली मासेमारी, असं बाहेरचे पाहुणे विचारतात. त्यांना वाटतं मासळी म्हणजे समुद्र. समुद्र मी उभ्या जन्मात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा त्याला पाठ करून फोटो काढला आणि परत आलो. आमची मासळी तलावातली. पाटबंधाऱ्यासाठी तलाव बांधले, गावं उठली, पाणी भरलं, आणि भोयांच्या घरांनी पाण्यावर पोट भरायला सुरुवात केली. आमच्या तलावावर अशी बावीस घरं. तलावाचं नाव सांगत नाही, केनवडच्या अलीकडे आहे एवढं पुरे. त्या घरांतली माणसं अजून तिथंच आहेत आणि मी त्यांच्याविषयी लिहितोय, माझ्याविषयी कमी.

माझ्या हातून एक चूक झाली, तिच्याविषयी लिहायला बसलोय. ती नेमकी कुठं सुरू झाली ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर कळवा.

आधी धंदा सांगतो. जाळं सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या तलावात बुडालेली बाभळीची झाडं फार, जाळं अडकून फाटतं. म्हणून आमच्याकडे दोरी चालते. एक लांब दोरी, तिला दोन-दोन हातांवर बारीक लोंबता दोरा, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक गरी. शहरात तिला गळ म्हणतात. गरीला गांडूळ लावायचं, नाहीतर कणकेची गोळी. दोरीची दोन्ही टोकं दगड बांधून तळाशी सोडायची आणि वर खूण म्हणून एखादा रिकामा डबा तरंगत ठेवायचा. संध्याकाळी सोडलेली दोरी सकाळी ओढायची. मरळ, वाम, शिंगाडा अशी तळाची मासळी तिला लागते. दोरी एका टोपल्यात गोल गुंडाळून ठेवतात आणि गऱ्या टोपल्याच्या काठाला बांधलेल्या गवतात ओळीनं खोचतात, नाहीतर सगळा गुंता.

संस्थेचा एक कडक नियम होता. एका घराची एकच दोरी. भाऊ वेगळे निघाले तरी दोरी एकच. कोणी श्रीमंत झाला तरी दोरी एकच. तलाव सगळ्यांचा, कोणी जास्त उपसू नये, म्हणून जुन्या माणसांनी घालून दिलेला नियम, आणि तो कोणी कधी मोडला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या लोकांत चोरी नव्हती.

माझं काम सोपं. सकाळी किती दोऱ्या पाण्यातून आल्या ते लिहायचं, किती किलो मासळी आली ते लिहायचं. वर्षाच्या शेवटी दोन्हींचा गोषवारा करून वाशीमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात न्यायचा. कष्ट किती आणि माल किती, बस. मी तर हौसेनं आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढायचो. लाल रेघ दोऱ्यांची, निळी रेघ मासळीची. दोऱ्या बावीस त्या बावीसच, लाल रेघ फुटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. निळी रेघ थोडी वर, थोडी खाली, पण तिच्याच बरोबरीनं चाललेली. पाऊस कमी झाला त्या वर्षीचे खड्डे सोडा. कष्ट तेवढेच आणि माल तेवढाच, म्हणजे तलावाची तब्येत ठणठणीत. कार्यालयात माझा कागद इतर तलाववाल्यांना दाखवायचे. मला काय गर्व व्हायचा म्हणून सांगू! मासळीला हात न लावणारा माळी, आणि जिल्ह्यात सगळ्यांत नीट हिशेब माझा.

हात न लावणारा हे खरंच. काट्याच्या पारड्यात मासळी टाकायची टाकणाऱ्यानं आणि काढायची पण त्यानंच. पाण्यावर तर मी एकदाही गेलो नाही. काठाला बांधलेल्या डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसायचंही टाळायचो.

एकदा कार्यालयातून एक नवीन मॅडम आल्या. तरुण, पायात बूट, हातात पाण्याची बाटली. माझा कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काका, एक दोरी म्हणजे किती गऱ्या?"

मी म्हटलं, "दोरी म्हणजे दोरी, मॅडम."

त्यांनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं. आता आठवलं की कानशिलं गरम होतात. त्या लेकरानं पहिल्याच दिवशी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं आणि मी शहाण्यासारखं ते बोट उचलून बाजूला ठेवलं.

आता गिरजाबाई. बावीस घरांतलं एक घर तिचं. नवरा महादेव लवकर गेला, मूलबाळ नाही. दीर-जावा नाहीत. नवऱ्याच्या मागं तिनं स्वतः दोरी चालवली. महादेवच्या जुन्या डोंग्यात मांडी घालून बसायची आणि वल्हं मारत जायची. उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. मला नावानं कधी हाक मारली नाही. 'मोजणीवाले', एवढंच.

वहीत प्रत्येक घराचं वेगळं पान असायचं. गिरजाबाईचं पान पाहिलं की मला कोडं पडायचं. बाकी एकवीस घरांची मासळी वर्षामागून वर्ष जवळपास तेवढीच. हिची मात्र दरवर्षी थोडी कमी, पुढच्या वर्षी अजून थोडी कमी. पाणी तेच, दिवस तेच, गांडूळ पण तेच. मला वाटायचं वय झालं, बाईमाणूस, खोल पाण्यात जात नसेल.

एक दिवस तीच म्हणाली, "मोजणीवाले, तलाव खंगून राह्यला."

"कोण म्हणते?"

"माही दोरी म्हणते."

मी ऐटीत आलेख काढला. "हे पाहा बाई. लाल रेघ अन् निळी रेघ. तलाव चांगला आहे. तुमच्याच दोरीचं काही तरी होऊन राह्यलं."

तिनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमची रेघ पान्यात जाते का कधी?" म्हणाली आणि टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेली. मला राग आला. अडाणी बाई, आलेख समजत नाही, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, एक-दोघांजवळ बोलूनही दाखवलं.

पुढच्या वर्षी तिची मासळी इतकी कमी आली की लोकांत कुजबूज सुरू झाली. संस्थेचे अध्यक्ष किसनराव. माणूस वाईट नाही, पण जरा घाईचा. त्यांनी पाळीवर सभा बोलावली. संस्थेत एक गुन्हा सगळ्यांत मोठा मानायचे, मासळी काट्यावर न आणता परस्पर विकणं. तसं सिद्ध झालं की त्या घराची दोरी खुंटीवर. म्हणजे शेडमधल्या खुंटीला टांगायची आणि त्या घरानं पाण्यात उतरायचं नाही.

किसनराव उभे राहिले. "पानी एक, दिवस एक. एकवीस दोऱ्यांले मासळी लागते अन् हिच्याच दोरीले काहून लागत नाई? लागत असन तं जाते कुठं?"

मागून कोणी तरी म्हणालं, "केनवडच्या गाडीत झाकलेलं टोपलं घेऊन जाते थे. म्या सोता पाह्यलं."

"काय असते टोपल्यात, गिरजा?"

गिरजाबाई उठलीसुद्धा नाही. बसूनच म्हणाली, "माह्या टोपल्यातलं मी सांगत नाई. माह्या दोरीत जे येते थे काट्यावर येते."

किसनराव माझ्याकडं वळले. "मोजणीदार, तुमी सांगा. वही काय म्हणते?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी वही उघडली. तिची गरज नव्हती, पान पाठ होतं. मी म्हटलं, "वहीत दरवर्षी कमीच आहे. बाकीच्यांचं तेवढंच आहे."

मी खोटं बोललो नाही. एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्याच खऱ्या अक्षरांवर त्या बाईची दोरी गेली. तिनं स्वतःच टोपलं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "घ्या," म्हणाली, "गऱ्या नीट खोचल्या हायत. टांगतानी सांबाळून, हाताले लागतीन." मग पाळीवरून चालत गेली. वळून पाहिलं नाही.

ते टोपलं माझ्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलं. वर्षभर मी त्याच्याखाली बसून मासळी मोजली. आणि मनातून बेचैन. चोर असती तर गऱ्या सांभाळा असं कशाला म्हणाली असती? पण मग मासळी कमी का? माझा कागद खोटा कसा असेल? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे काही माझ्या डोक्यात बसेना. बायको म्हणायची, जेवताना तरी बोला. मी भाकर मोडत वहीचं पानच आठवत बसायचो. 

उलगडा झाला तो वांग्याच्या वावरात. माझा मोठा भाऊ रामदास भाजीपाला करतो, आठवडी बाजारात नेतो. मी एक दिवस त्याच्या धुऱ्यावर, वावराच्या कडेला, बसलो होतो. दादा कुरकुरत होता, "यंदाबी वांगे तेवढेच निघाले."

"मग बरंच आहे की."

"काय बरं आहे? यंदा म्या सऱ्या जवळजवळ घेतल्या. झाडं दीडपट लावले. झाडं दीडपट अन् वांगे तेवढेच. वावर खंगलं दिगांबर, हे समजाले काय शाळा लागते?" मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "गिरजाच्या तं माह्याआधी ध्यानात आलं."

"कोण गिरजा?"

"तुमच्या तलावावरची. दोन-तीन वर्सं झाले, आपल्या वावरात निंदाले येते. पाण्यावर भागत नाई म्हणे. रोजावर मेथी, पालक देतो मी तिले, थे केनवडले बहिणीकडे घेऊन जाते. काहून, तुले माईत नाई?"

मला काहीच माहीत नव्हतं. दादाच्या वावरात पंचवीस बाया येतात, मी कोणाचं तोंड पाहिलं होतं! झाकलेल्या टोपल्यात आमच्याच वावरातली मेथी होती.  दादानं पाणी दिलं ते हातातच राहिलं.

आणि दुसरी गोष्ट. झाडं दीडपट. झाडं दीडपट.

तिथून मी थेट गिरजाबाईच्या घरी गेलो. ती दारात तूर पाखडत होती. मी म्हटलं, "बाई, टोपल्यात मेथी होती हे सभेत का सांगितलं नाही?"

"पान्यावरचं घर अन् मातीत मजुरी कराले गेली, हे सांगू? तुमचे महादेवभाऊ वरून पाहून राह्यले असतीन." सूप झटकलं. "अन् तुमच्याच घरची मेथी. तुमालेच ठाव नव्हतं, मी कायले सांगू?"

मी उंबऱ्याशी खाली बसलो. मग विचारलं, "लोकांच्या दोऱ्यांवर गऱ्या वाढल्या काय?"

तिचा हात थांबला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि हळू आवाजात तिनं जे सांगितलं ते तीस वर्षं त्या पाळीवर बसून मला माहीत नव्हतं. आमच्या तलावावरच्या घरांत एक रीत आहे. घरात बाळ जन्मलं की त्याच्या नावानं दोरीला एक कोडी गऱ्या जोडायच्या. कोडी म्हणजे वीस. घरात सून आली की तिच्या नावानं एक कोडी. माणूस मेलं तरी त्याची कोडी काढायची नाही, ती त्याची आठवण. म्हणजे दोरी वाढते, कमी कधीच होत नाही. आणि गऱ्या कोणी मोजत नाही. मोजल्या तर घरातल्या माणसांना नजर लागते.

"आमच्या दोरीले चार कोड्या," गिरजाबाई म्हणाली. "सासू, सासरा, महादेव अन् मी. मंग कोनी आलंच नाई तं जोडनार कोनाच्या नावानं? किसनरावच्या दोरीले पंधरा-सोळा कोड्या असतीन."

"मग सभेत का नाही बोललात?"

ती हसली, पण ते हसणं पाहवलं नाही. "मी बोलू? लेकरू नसलेल्या रांडमुंड बाईनं लोकायच्या लेकरायच्या कोड्या मोजाव्या? उद्या कोनाचं पोट्टं तापानं फणफणलं तं कोनाच्या दारात येतीन लोकं? दोरी गेली तं गेली बावा. थे आळ मले नोको."

मी घरी आलो आणि आलेखाचे सगळे कागद काढले. लाल रेघ खोटी होती. दोऱ्या बावीसच होत्या, पण दोरी ती दोरी राहिलीच नव्हती. गऱ्या चौपट झाल्या आणि मासळी तेवढीच राहिली, म्हणजे तलाव वर्षानुवर्षं रिकामा होत होता. बावीस घरांत जिच्या गऱ्या वाढल्या नाहीत अशी दोरी एकच. तलावाचं खरं काय ते तिच्याच पानावर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि त्याच पानावरून मी तिला चोर ठरवलं. अरे देवा! टोपल्या मोठ्या होत गेलेल्या मला दिसल्या होत्या हो. मला वाटलं, जुनी फाटली, बाजारात नवी मिळाली ती मोठी मिळाली असेल. असा मी हुशार.

आता करायचं काय? सभेत उभं राहून तुमच्या लेकरांच्या गऱ्या मोजा म्हणायची माझीही छाती नव्हती. मोजणं मना. आणि माझा तर धंदाच मोजण्याचा. आठ दिवस मी येड्यासारखा फिरलो.

पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत मासेमारी बंद असते. ती उघडायच्या आधी सगळी घरं आपापल्या दोऱ्या पाळीवर सरळ पसरतात, पीळ काढतात, गंजलेल्या गऱ्या बदलतात. पण सगळे एकाच दिवशी पसरत नाहीत, जागेची ओरड होते म्हणून. आता कळतं की ती ओरड का व्हायला लागली होती. त्या वर्षी किसनरावांचा दिवस होता तेव्हा मी शेडमधून गिरजाबाईचं टोपलं खाली काढलं.  पहिल्यांदाच त्या दोरीला हात लावला. एक टोक शेडच्या खांबाला, किसनरावांच्या दोरीच्या टोकाजवळच बांधलं, आणि त्यांच्या दोरीला लागून दोरी सोडत चालायला लागलो. दोनदा गरी बोटात घुसली.

"ओ मोजणीदार, हे काय लावलं?" किसनराव ओरडले. "थे दोरी खुंटीवरची हाय!"

मी चालत राहिलो. गिरजाबाईची दोरी पाळीवरच्या कडुनिंबाशी संपली. मी टोक दगडाखाली ठेवलं आणि उभा राहिलो. किसनरावांची दोरी निंबाच्या पुढं गेली होती, सांडव्याच्या पुढं गेली होती, आणि पंपाच्या खोलीला वळसा घालून पलीकडच्या उतारावर दिसेनाशी झाली होती.

मी कोणाला काही मोजायला सांगितलं नाही. एक आकडा तोंडातून काढला नाही.

किसनराव शेडपासून निंबापर्यंत चालत आले. मग तिथून पुढं चालत गेले, सांडव्यापर्यंत, पंपापर्यंत, आपल्याच दोरीच्या कडेकडेनं. बाकीचे लोक जमले.  परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. निंबाखाली बसले आणि म्हणाले, "एवढी झाली काय बाप्पा? माह्या बापाच्या वक्ताले तं हिच्याएवढीच होती."

त्यांनाही खरंच माहीत नव्हतं. एका वेळेस एक कोडी, आनंदाच्या दिवशी, पेढे वाटता वाटता जोडलेली. त्यात काय कळणार? एक म्हातारा आपल्या दोरीच्या टोपल्याकडं पाहून पुटपुटायला लागला, हे माह्या बुढीची, हे थोरल्याची, हे गेला त्या नातवाची. त्याला रडू फुटलं. मला वाटलं, आता मला मारतात की काय.

किसनराव उठले. "गिरजाले बोलवा," म्हणाले. ती आल्यावर सगळ्यांसमोर हात जोडले. "बाई, चुकलं आमचं." मग माझ्याकडं पाहिलं. ते काय म्हणतात याची वाट न पाहता मी पण हात जोडले. गिरजाबाईनं फक्त आपली दोरी गुंडाळायला घेतली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या. तुमाले जमत नाई. बोटातून रगत येऊन राह्यलं तुमच्या."

पुढं सभेत ठरलं की सगळ्यांनी दोरी चार कोड्यांवर आणायची. वरच्या कोड्या तोडायच्या नाहीत, सोडवून देवघरात ठेवायच्या. किसनरावांनी पहिली स्वतःच्या नातवाची सोडली. सगळ्यांनी सोडल्या असं मी म्हणणार नाही. दोन-तीन टोपल्या अजून मला मोठ्याच वाटायच्या. पण बहुतेकांनी सोडल्या.

आणि मग माझी खरी फजिती. गऱ्या कमी झाल्या, तशी त्या वर्षी मासळीही घसरली. निळी रेघ धपकन खाली आली. मॅडमचा फोन. "काका, उत्पादन एवढं कसं पडलं? तलावाला काय झालं?"

मी म्हटलं, "मॅडम, तलाव सुधारायला लागला असावा."

"उत्पादन पडलं आणि तलाव सुधारला?"

"हो. आणि आधी तेवढंच होतं तेव्हा तो बिघडत होता."

 मग मी सगळं सांगितलं, दोरी म्हणजे दोरी या माझ्या उत्तरासकट. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काका, मागच्या सगळ्या वर्षांच्या गऱ्या आता कुठून आणायच्या?" त्या कुठून आणणार? माझे तेवढे कागद तसेच फायलीत आहेत, सुबक अक्षरातले, सरळ रेघांचे, कामाचे नसलेले.

ज्या वर्षी गिरजाबाईची दोरी खुंटीवर होती, त्या वर्षी महादेवचा डोंगा पाळीला उलटा पडून उन्हानं तडकला. तो पुन्हा पाण्यात गेला नाही; तेव्हापासून ती थर्माकोलच्या तराफ्यावर जाते. याचं मला फार वाईट वाटतं. मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "लाकूडच होतं." मला माहीत आहे ते फक्त लाकूड नव्हतं.

मी काम कायमचं सोडलं त्या दिवशी पाळीवर नारळ, शाल, दोन भाषणं झाली. तेव्हा गिरजाबाई टोपलं घेऊन आली आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढं ठेवलं. दोरीच्या टोकाला नव्या चकचकीत गऱ्या जोडल्या होत्या. एक कोडी.

"हे कोणाची?" किसनरावांनी विचारलं.

"दिगांबरची," ती म्हणाली. "माह्या घरात कोनी आलं नाई इतके वर्सं. आता एक भाऊ आला."

तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. पण डोकं मात्र, तीस वर्षांची सवय, लगेच चालायला लागलं. चार कोड्यांवर सगळ्यांना मीच आणलं होतं. आणि तलावाचं खरं सांगणारी एकच दोरी, तिला आता माझ्याच नावानं पाच कोड्या. आता तिची मासळी वाढली तर ती तलावामुळे की माझ्यामुळे, कसं ओळखायचं? मी तोंड उघडलं. किसनरावांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गिरजाबाई आमच्या दारात आली. आता ती थकली आहे, काठी लागते. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली मरळ, अजून हलणारी. माझी बायको तुळशीजवळ उभी राहिली ती हललीच नाही.

"तुह्या कोडीले लागली," गिरजाबाई म्हणाली. "खाऊ नोको. पन धर तं एकदा. मंग घेऊन जाते."

मी दोन्ही हात पुढं केले. गार, गुळगुळीत, जड, आणि एवढी जोरात धडपडली की माझ्या छातीवर पाणी उडालं. मी सोडली नाही. मळमळलंही नाही.

"किती भरन?" तिनं विचारलं.

मी हातातल्या हातात तोलून पाहिली. काटा नव्हता, वही नव्हती.

"नाही सांगता येत, बाई."

"तीस वर्सं मोजून?"

"तीस वर्षं मोजून."